एक घास झोळीवाल्याचा

फिजाच्या पोटात चार घास जाणं हा त्या घरातला रोजचा मोठा कार्यक्रम होता. फौजिया ताटली घेऊन पुढे, फिजा तिच्या कडेवर, आणि मागून सासू सकिना सूचना देत, अशी वरात निघायची. भोरहून वेल्ह्याकडे जाताना धरणाचं पाणी एका ठिकाणी रस्त्याला अगदी खेटून येतं, तिथं त्यांचं हॉटेल. पुढे टेबलं, मागे दोन खोल्यांचं बिऱ्हाड, आणि त्याच्याही मागे दगडी पायऱ्या, थेट पाण्यात उतरलेल्या. वरात त्या पायऱ्यांवर जाऊन थांबायची आणि मग विनवण्या सुरू व्हायच्या.

एक घास काऊचा म्हणावं, तर कावळे खरकट्या ताटांवर दिवसभर बसलेले. फिजाला त्यांचं अप्रूप नव्हतं. चिऊचा म्हणावं, तर चिमण्या स्वयंपाकघरात तांदूळ टिपायला यायच्या, त्या तिला घरच्याच वाटायच्या. पोरगी दोन वर्षांची होऊन गेली तरी अंगणवाडीच्या तक्त्यावर कमी वजनाच्या पिवळ्या पट्ट्यातच होती. अंगणवाडीच्या बाई रागावायच्या नाहीत, नुसते ओठ आवळायच्या. ते आवळलेले ओठ फौजियाला पुढचे कित्येक दिवस दिसत राहायचे.

मुळात ती धास्तावलेल्या जातीची आई. द्राक्षाच्या चार फोडी केल्याशिवाय द्यायची नाही. हॉटेलात येणारी पुण्याची गिऱ्हाईकं पोरीचे गाल ओढून हातात चॉकलेट ठेवायची, ते ती हसत हसत काढून घ्यायची. फिजाला बोलता यायला लागलं तेव्हा अब्बा आणि पानी यांच्याबरोबर तिनं शिकवलेलं तिसरं काही असेल तर ते हेच की अनोळखी माणसानं काही दिलं तर घ्यायचं नाही.

"डाकू हायेत का काय गिऱ्हाईकं?" सकिना म्हणायची. "त्यांच्याच जिवावर खाती तुजी लेक."

"खाते कुठं, अम्मी?"



दिवाळी होऊन गेल्यावर, थंडी पडायला लागली त्या सुमारास, पाण्यात बुडालेल्या जुन्या आंब्याच्या खोडावर तो येऊन बसला. फौजियाला आधी वाटलं कुणाची तरी पांढरी गोणी वाहत येऊन अडकली आहे. मग गोणीनं मान वर केली. हातभर चोच, चोचीखाली लोंबणारी पिवळसर झोळी, डोक्यावर नुकत्याच झोपेतून उठलेल्या माणसासारखे विस्कटलेली कुरळी पिसं. त्यानं पाण्यात झोळी बुडवली, वर काढली, पाणी गाळलं आणि मासा गिळला. गिळताना मान आकाशाकडे आणि चोच अशी उघडी, की तिच्यात अख्खी फिजा मावली असती.

कडेवर काहीतरी हललं म्हणून फौजियानं पाहिलं. फिजानं आ केला होता.

तिनं घास घातला. फिजानं गिळला आणि पुन्हा आ केला. त्या दिवशी वाटीभर खिमटी संपली. सकिनानं वाटी उलटी करून पाहिली आणि पदर डोळ्यांना लावला.

फौजिया भोरच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र घेऊन पदवीधर झालेली. पक्षी पेलिकन आहे, मराठीत झोळीवाला म्हणतात, एवढं तिला लगेच कळलं. कुठला, ते कळेना. तिनं फोटो काढून राजनंदिनीला पाठवला. राजनंदिनी तिच्याच वर्गातली. ती पुण्यात एका पक्ष्यांच्या संस्थेत लागली होती, आणि तिचं लग्न अजून व्हायचं होतं, त्यामुळे तिला अशा गोष्टींना वेळ होता. तिचा लगोलग फोन.

"फौजे, हा डाल्मेशियन आहे. गोड्या पाण्यावर राहणारा, पेलिकनांमधला सगळ्यात मोठा. जगात थोडेच उरलेत. आपल्याकडे असा एकटा भरकटून येणं म्हणजे... कुणाला सांगू नकोस. फोटो कुठंही टाकू नकोस. त्याला त्याचा हिवाळा काढू दे, ऊन तापायच्या आत तो उत्तरेला जाईल."

फौजियानं कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरजच पडली नाही, कारण तोवर सकिनानं सगळ्या गावाला सांगून टाकलं होतं.

अडचण एकच झाली. झोळीवाला रोज खोडावर येईच असं नव्हतं. कधी तो पार पलीकडच्या काठाला असायचा, खडूच्या ठिपक्याएवढा. मग फिजा ओठ घट्ट मिटून पाण्याकडे बोट दाखवायची. "झोली." झोळी येईना आणि तोंड उघडेना. असे लागोपाठ दोन दिवस कोरडे गेल्यावर फौजिया स्वयंपाकघरात गेली. ज्ञानू रोज सकाळी होडीतून मासे घेऊन यायचा, त्यात बोटाएवढ्या चिलापी असायच्या, गिऱ्हाइकाला न चालणाऱ्या. त्यातली मूठभर तिनं उचलली आणि पायऱ्यांवरून भिरकावली.

हे करू नये, हे तिला कॉलेजात शिकवलं होतं. रानातल्या जिवाला हातची सवय लावायची नाही. परीक्षेत तिनं ते लिहिलंही होतं. पण परीक्षेच्या वेळी कडेवर पोरगी नव्हती.

झोळीवाला लगेच आला नाही. दोन-तीन दिवस लांबूनच बघत राहिला. मग खोडापर्यंत, मग खोडाच्या अलीकडे, आणि नाताळच्या सुट्टीत पुण्याची गर्दी सुरू झाली तोवर तो पाण्यात बुडालेल्या पहिल्याच पायरीपर्यंत येऊन झोळी पसरून उभा राहू लागला. एक मासा त्याला, एक घास फिजाला. फिजा टाळ्या वाजवायची. तिचे गाल भरले. अंगणवाडीच्या बाईंनी या वेळी काट्याकडे दोनदा पाहिलं आणि विचारलं, "काय देताय हिला?"

"मासे," सकिना म्हणाली. "पण हिला न्हाई."

सरफराजनं, म्हणजे फौजियाच्या नवऱ्यानं, या सगळ्याकडे आधी लक्ष दिलं नव्हतं. तो गल्ल्यावर बसणारा माणूस. पण गिऱ्हाईकं जेवण टाकून मागच्या पायऱ्यांवर जाऊ लागली, तेव्हा त्यानं टेबलं तिकडे हलवली. पुढच्या आठवड्यात रस्त्यावर फ्लेक्स लागला: पेलिकन पॉइंट. त्यावरचा पक्षी नेटवरून काढलेला, गुलाबी झाक असलेला, मागे समुद्र.

"अहो, हा आपला नाहीच. ही दुसरी जात आहे."

"गिऱ्हाइकाला काय म्हाइती? चोच मोठी हाय ना? झालं."

जेवणाबरोबर छोट्या चिलापींची बशी मिळू लागली, पक्ष्याला टाकायला. पोरंबाळं खूश. आया आपापल्या पोरांना पायऱ्यांवर बसवून भरवू लागल्या. जिथं कुणाच्या हातात ताटली आणि मांडीवर मूल, तिथं झोळीवाला पोहत जायचा, चोच उघडून थांबायचा. तो मोठ्या माणसांपेक्षा लहान मुलांकडे आधी जातो, हे सगळ्यात पहिल्यांदा फौजियाच्याच लक्षात आलं. तिला ते गोड वाटलं.

तिला भीती वाटायची ती तारेची. हॉटेलसमोरून पाण्याचा एक फाटा आत शिरला होता आणि त्याच्यावरून पलीकडच्या बंगल्यांना जाणारी विजेची लाईन होती. झोळीवाला जड पक्षी. पाण्यावर बराच वेळ धावून मग कसाबसा उचलला जायचा, आणि नेमका त्या तारांच्या उंचीवर यायचा. एकदा तिच्या डोळ्यांदेखत त्यानं ऐनवेळी पंख तिरपा केला. फौजियानं हातातली ताटली खाली ठेवली आणि राजनंदिनीला फोन लावला.

"तारांवर हे पक्षी खूप मरतात," राजनंदिनी म्हणाली. "त्यांना समोरची बारीक तार दिसत नाही. खुणेच्या चकत्या लावता येतात, आमच्याकडे आहेत, पाठवते. पण मला एक सांग, तो इतक्या खालून, इतक्या वेळा का उडतोय तिथं? खायला घालतंय का कुणी?"

फौजियानं फिजाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "गिऱ्हाईकं टाकतात. कधीमधी."

"बंद कर ते. आजपासून. तारेचं नंतर बघू."

"नंतर कसं? तार तर डोळ्यांसमोर दिसतीय मला."

"म्हणूनच सांगते. तार एका जागी असते गं. माणसं सगळीकडे असतात. त्याला माणसाची भीती राहिली नाही तर चकत्या कुठं कुठं लावणार आहेस?"

फौजियानं खरंच बंद केलं. एक दिवस. सरफराजला तिनं गिऱ्हाइकांची बशी थांबवायला लावली. तो कुरकुरला, पण दुपारपुरता गप्प बसला. झोळीवाला पायरीशी येऊन उभा राहिला. फिजानं बोट दाखवलं. फौजिया म्हणाली, आज त्याचं पोट भरलंय. फिजानं आईकडे पाहिलं, त्याच्या उघड्या चोचीकडे पाहिलं, आणि ओठ मिटून घेतले. संध्याकाळीही मिटलेलेच. दूध घेतलं आणि ओकून टाकलं.

"लई शिकलीस," सकिना भाकरी थापता थापता म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पाखराचं भलं करायला पोरीला उपाशी ठेव. ते पाखरू तुला म्हातारपनी पानी पाजंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ज्ञानू होडी लावत असतानाच फौजिया पायऱ्या उतरली. "ज्ञानूभाऊ, बारक्या चिलापी बाजूला काढा."

"मला वाटलं, बंद झालं आता."

"मार्चपर्यंत जाणारच आहे तो," फौजिया म्हणाली. ज्ञानूला नव्हे, स्वतःला. आणि मग तिनं पदर खोचला आणि तारेच्या मागे लागली.

तारेचं काम तिनं इतकं जीव लावून केलं की बघणाऱ्यांनी बघत राहावं. वीज कचेरीत चार वेळा गेली, फिजाला घेऊन. तिथल्या साहेबांनी पहिल्यांदा हसून दाखवलं, दुसऱ्यांदा अर्ज मागितला, तिसऱ्यांदा जेवायला गेले, आणि चौथ्यांदा फिजानं त्यांच्या टेबलावर पाण्याचा ग्लास सांडल्यावर तोंडी हो म्हणाले. पुण्याहून चकत्यांचं खोकं आलं, नारंगी आणि पांढऱ्या. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, त्या वेळात वायरमन गोरख खांबावर चढला.

"भाभी, हे लटकवलं की पाखरू वाचंल?"

"वाचेल."

"आमी चढतो तवा आमच्यासाठी न्हाई कुनी काय लटकवत," गोरख वरून म्हणाला, आणि खाली जमलेले सगळे हसले. फौजियाही.

चकत्या वाऱ्यावर फिरू लागल्या, उन्हात चमकू लागल्या. संध्याकाळी झोळीवाला उठला, पाण्यावर धावला, उचलला गेला, आणि लांबूनच वळसा घालून तारांच्या वरून गेला. फौजियानं त्याचा व्हिडिओ राजनंदिनीला पाठवला. उत्तर आलं: छान. आणि खाणं? फौजियानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं, ज्याचा अर्थ काहीही होऊ शकतो.

फेब्रुवारी सरला. पाणी खाली जाऊ लागलं, काठाचा चिखल भेगाळला. इतर थंडीचे पाहुणे, बदकं वगैरे, कधीच निघून गेले. झोळीवाल्याची झोळी पिवळ्याची नारंगी होत होत लाल झाली. राजनंदिनी फोनवर म्हणाली, "ही जोडीदार शोधायची खूण आहे. अजून कसा गेला नाही तो?" फौजिया म्हणाली, "जाईल." त्याला कशानं धरून ठेवलंय हे तिला माहीत होतं. रोज सकाळी तीच तर हातात घेऊन जात होती.

मार्चमध्ये महिला दिनाला ग्रामपंचायतीनं तिचा सत्कार ठेवला. पक्षी वाचवणारी सून. सरफराजनं हॉटेल बंद ठेवलं, आयुष्यात पहिल्यांदा ईद सोडून. सकिनानं ठेवणीतली साडी नेसली. फिजाला नवा फ्रॉक. घाईत पोरीचं दुपारचं राहून गेलं; सकिना म्हणाली, तिथं काहीतरी चारू, आणि तिथं समोशांशिवाय काही नव्हतं. समोसा तिखट म्हणून फौजियानं दिला नाही.

सरपंचबाईंनी शाल घातली, नारळ दिला. भाषणात त्या म्हणाल्या की शिकलेली आई असली की मुलंही वाचतात आणि पाखरंही. टाळ्या झाल्या. फौजियाला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती माईकपुढे उभी राहिली आणि तारेबद्दल बोलली. चकत्या कशा असतात, किती अंतरावर लावायच्या, पक्ष्याला तार का दिसत नाही. सगळं बरोबर बोलली. खाण्याबद्दल बोलली नाही. तेवढ्यात दाराशी ज्ञानू दिसला. आत येत नव्हता, बोलावतही नव्हता, नुसता टोपी हातात धरून उभा होता.

झालं होतं ते असं. झोळीवाला ठरल्या वेळी पायऱ्यांशी आला. दार बंद, टेबलं उलटी, कुणीच नाही. तो बराच वेळ थांबला, हे ज्ञानूनं होडीतून पाहिलं. मग तो पोहत पलीकडच्या काठाला गेला. तिथं एक गाडी उभी होती, बाहेरगावची. झाडाखाली सतरंजी, डबे उघडलेले, आणि एक बाई मांडीवरच्या पोराला भरवत होती.

हातात ताटली, मांडीवर मूल.

तो पाण्यातून बाहेर आला. असा पक्षी जमिनीवर चालतो तेव्हा तो कंबरेएवढा उंच वाटतो. पंख अर्धे पसरून, झुलत झुलत, तो सरळ त्या पोराकडे गेला आणि त्यानं पोराच्या तोंडासमोर चोच उघडली. लाल झोळी, हातभर चोच, टोकाला आकडा. पोरगं किंचाळलं. बापाच्या हाताला क्रिकेटची बॅट लागली.

"म्या हाका मारल्या," ज्ञानू म्हणाला. "मारू नका, काय करत न्हाई तो, म्हनलं. पन त्यास्नी कसं कळावं, भाभी? त्यो पळत बी न्हवता. पहिला तडाखा बसला तरी चोच उघडीच धरून उभा. त्यास्नी वाटलं, अजून अंगावर येतोय."

सगळी घरी पोहोचली तेव्हा गाडी निघून गेली होती. झोळीवाला ज्ञानूच्या होडीत, जाळ्यावर पडलेला होता. मान एका अंगाला लुळी पडलेली, कुरळी पिसं ओली. फौजिया पायऱ्यांवर बसली. तिला त्या बापाला शिव्या द्यायच्या होत्या, मनात जुळवाजुळवही झाली होती, पण प्रत्येक शिवीशी तिला स्वतःचाच हात दिसत राहिला, फिजाच्या अंगावर तसं काही चालून आलं असतं तर त्या हातानं काय केलं असतं ते. बॅटच कशाला, तिनं दगड घातला असता. चॉकलेट देणाऱ्या हातांवरसुद्धा तिची नजर असते. स्वतःच्या लेकीला तिनं जे सगळ्यात आधी शिकवलं, त्याच्या बरोबर उलटं तिनं या मुक्या जिवाला शिकवलं, आणि तो तिच्या लेकीपेक्षा गुणी निघाला.

"शाल काढून ठिव," सकिना हळूच म्हणाली. "रक्त लागंल."

सरफराज फोनवर वनखात्याच्या माणसाला पत्ता सांगत होता. ते उद्या येऊन पंचनामा करणार होते. फोन ठेवून तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "तो फ्लेक्स... राहू द्यायचा का आता?"

फौजियानं शाल उतरवून पायरीवर ठेवली.

राजनंदिनीचा फोन आला. फौजियानं तो उचलला. राजनंदिनी एवढंच म्हणाली, "तारेवर?"

"नाही."

पलीकडून फोन बंद झाला.

सकिनाला आता नातीची काळजी लागली. "आज काय खायची न्हाई ती. बघ तू. आता परत पिवळा पट्टा." ती पुटपुटत आत गेली, गार वरण-भात कालवून घेऊन आली आणि ताटली पायरीवर ठेवली, विनवण्या सुरू करायला घसा साफ करून.

फिजाला सकाळनंतर कुणी काही दिलं नव्हतं. नव्या फ्रॉकची बाही वर सारत ती ताटलीशी बसली. होडीकडे तिनं पाहिलं नाही, पाण्याकडेही नाही. दोन्ही हातांनी भात उचलून तोंडात कोंबू लागली, नाकाला, हनुवटीला लावत, भराभर, शेवटच्या शितापर्यंत. मग रिकामी ताटली तिनं आईपुढे सरकवली.

"अजून," ती म्हणाली.